झाड बारीक होत नाही

झाड बारीक झालेलं बुआलायला पहिल्यांदा दिसलं ते थायलंडच्या बौद्ध शकातल्या २५५६ सालच्या, म्हणजे इसवी २०१३ च्या, फेब्रुवारीत, सतरा तारखेला. झाड सत्तेचाळीस नंबरचं, तेंग जातीचं. जानेवारीत त्याच्या खोडावरच्या पट्टीची फट होती बारा पूर्णांक सेहेचाळीस मिलिमीटर. आता फट मोजायचा व्हर्नियर दाखवत होता बारा पूर्णांक शून्य नऊ. तिने चष्मा साराँगच्या टोकाला पुसला आणि पुन्हा मोजलं. तेवढंच. अठ्ठेचाळीस नंबर मोजला, तोही कमी. एकोणपन्नास, तोही. दुपारपर्यंत एकाहत्तर झाडं मोजून झाली, आणि त्यातली सत्तर जानेवारीपेक्षा बारीक झालेली होती.

काम तसं सोपं होतं. विद्यापीठाच्या लोकांनी गावच्या जंगलात दोनशे चौदा झाडांना छातीच्या उंचीवर पोलादी पट्ट्या बांधल्या होत्या. पट्टी स्प्रिंगने ताणलेली असायची. खोड जाड झालं की पट्टीच्या दोन टोकांमधली फट रुंदावायची. ती दर महिन्याला मोजून वहीत लिहायची. तीन दिवसांचं काम. गावात चौथी शिकलेल्या, डोळे बरे असलेल्या आणि दारू न पिणाऱ्या माणसाचा शोध सुरू झाला तेव्हा बुआलायचं नाव पुढे आलं. तिचा नवरा सिंगखाम म्हणाला होता, "हिला द्या. ही भाताचे दाणेसुद्धा मोजून शिजवते."

त्या महिन्याच्या शेवटी विद्यापीठाचा साहाय्यक आला. उंच, घाईतला माणूस. त्याने वही उघडली आणि तिथेच, लोकांच्या घोळक्यात हसायला लागला.

"पा," थोरल्या बाईला म्हणतात तसं तो म्हणाला, "हे काय? झाडं उपास करतात का तुमच्या गावात?"

"मी दोनदा मोजलं, आचान."

"दोनदा चुकीचं मोजलं. खोड वाढतं किंवा वाढायचं थांबतं. झाड बारीक होत नाही. चष्मा बदला."

लोक हसले. जंगल राखणाऱ्या मंडळींचा म्होरक्या इनसोम सगळ्यांत मोठ्याने हसला. बुआलायनेही हसून हात जोडले. आचानला, म्हणजे शिकवणाऱ्या माणसाला, चारचौघांत उलट बोलून त्याचा चेहरा उतरवायचा, हे त्या गावात कुणी केलं नसतं. तिच्या तर मनातही आलं नाही.

मार्चमध्ये आकडे आणखी उतरले. तिने प्रत्येक झाड दोनदा मोजलं, कधी तीनदा, आणि मग वहीतले फेब्रुवारीचे आकडे खोडरबराने पुसून दोन्ही महिन्यांत जानेवारीचाच आकडा लिहिला. तिच्या समजुतीप्रमाणे ती चूक दुरुस्त करत होती. व्हर्नियर चुकत असेल, उन्हाने पट्टी सैल होत असेल, आपले डोळे दमले असतील. झाड मात्र बारीक होत नाही. जूनमध्ये पाऊस लागला, आकडे जानेवारीच्या पुढे गेले, आणि तिने पुन्हा दिसेल ते लिहायला सुरुवात केली. पुढच्या उन्हाळ्यात तेच. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तेच. तो साहाय्यक दोन वर्षांनी परदेशी गेला. त्याने सांगितलेलं वाक्य गावात राहिलं.

बाकी तिचं आयुष्य सांगण्यासारखं वेगळं काही नव्हतं. लाम्पांग प्रांतातल्या त्या डोंगरात ती जन्मली आणि दीड मैलावरच्या घरी नांदायला आली. मूल झालं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तुएंगच्या झाडांची सुपाएवढी पानं गळायची, ती गोळा करून बांबूच्या कामट्यांवर शिवायची आणि त्यांची छपरं शाकारायची, हे तिचं आणि गावातल्या सगळ्याच बायकांचं काम. मार्चमध्ये आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांची अंडी, पावसाच्या तोंडावर मातीतून निघणारे गोल अळंबे, मग भातलावणी. जंगल गावाच्या नावावर नव्हतं, पण सरकारच्या कागदावर ते गावाने राखायचं आणि गावाने वापरायचं असं लिहिलेलं होतं. दर काही वर्षांनी त्या कागदाची मुदत वाढवून घ्यावी लागायची. आजवर ती वाढत आली होती.

२५६६ सालच्या मार्चच्या अकरा तारखेला, शनिवारी, सकाळी साडेनऊला आचान पिमपाकाची गाडी बुआलायच्या घरापाशी थांबली. पाच वर्षांपासून पट्ट्यांच्या कामाची जबाबदारी या बाईकडे होती. एरवी ती येताना फळं घेऊन यायची. त्या दिवशी हातात फक्त लॅपटॉप होता. डोंगरावर वणव्यांचा धूर इतका दाट होता की समोरचं विहाराचं छप्परसुद्धा दिसत नव्हतं. दोघी घराच्या खांबांखाली, बांबूच्या बाकावर बसल्या.

"पा, वनकचेरीने नवा नकाशा काढलाय," पिमपाका म्हणाली. "उपग्रह वरून पानांचा हिरवेपणा बघतो, जंगल किती तापलंय तेही बघतो. त्यावरून संगणकाचं मॉडेल हिशेब करतं, झाडांची वाढ किती झाली आणि त्यांनी पाण्याची ओढ किती सोसली. तुमचं जंगल त्या नकाशावर लाल आहे."

"लाल म्हणजे?"

"मरायला लागलेलं. दर उन्हाळ्यात पानं लवकर गळताहेत, तहान लांबतेय. ते म्हणतात, गावाने जास्त ओरबाडलंय. दहा वर्षं बंद करा. पानं नाहीत, अंडी नाहीत, अळंबे नाहीत. आत पाऊल टाकायचं नाही."

बुआलायने लॅपटॉपकडे पाहिलं. लाल डागाच्या आकारावरून तिने ओढा ओळखला.

"पण आपल्या वहीत झाडं वाढताहेत."

"तेच मी त्यांना दाखवलं. तर तिथले नकाशाचे अधिकारी, तेर्दसाक, त्यांनी वहीचे आकडे तपासले." पिमपाकाने पडद्यावर बोट ठेवलं. "फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तोच आकडा. दोन दशांश स्थळांपर्यंत तोच. दोनशेहून जास्त झाडांना, दरवर्षी. असं होत नसतं, पा. उन्हाळ्यात खोडातलं पाणी कमी होतं, खोड आक्रसतं. तुम्हाला एकदाही कमी आकडा दिसला नाही?"

बुआलायने चष्मा काढून साराँगला पुसला.

"म्हणजे झाड बारीक होतं?" तिने विचारलं.

"होतं की. थोडंसं. पाऊस आला की पुन्हा भरतं."

"होतं?"

"पा, तेर्दसाकांचं म्हणणं असं आहे की ही वही घरी बसून भरलेली आहे. चोवीस तारखेला समिती येणार. वही बाद झाली तर आपल्याकडे दुसरं काही नाही. मग फक्त नकाशा उरतो."

बुआलाय उठली. मडक्यातलं पाणी ओतून घेतलं, प्यायली नाही, तशीच भांडं धरून उभी राहिली. मग तिने सगळं सांगितलं. सत्तेचाळीस नंबर, चष्मा, लोकांचं हसणं.

पिमपाकाचा चेहरा आवळला गेला. "दहा वर्षं? दहा वर्षं तुम्ही कुणालाही विचारलं नाही?"

"कुणाला विचारणार? सांगणारा आचानच होता."

"मला!"

"तुम्हीही आचानच."

तेवढ्यात इनसोम येऊन पोहोचला. गाडी पाहून आला होता, आणि अर्धं ऐकूनही झालं होतं.

"वा! आम्ही धुरात खोकत जाळरेषा साफ करायच्या, आग विझवायची, आणि जंगल जाणार बुआलायबाईंच्या दशांशांपायी! मी तेव्हाच म्हणत होतो, बाईला चष्मा द्या."

"तू हसत होतास, इनसोम. म्हणत काही नव्हतास."

"आता हसतोय का मी?" तो म्हणाला. तो खरंच हसत नव्हता. "चोवीस तारखेनंतर माझ्या सुनेने पानं कुठून आणायची, सांग. डोक्यावर काय घालायचं, नकाशा?"

पिमपाका न जेवता निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज बदललेला होता.

"पा, एकच गोष्ट नीट आठवून सांगा. मागचा आकडा तुम्ही कधी उतरवलात? नवा आकडा कमी आला तेव्हाच?"

"तेव्हाच. जास्त आला तर जास्त लिहिला. शंभरावा हिस्सा जास्त आला तरी."

"मग ऐका. ज्या महिन्यात तोच आकडा पुन्हा लिहिलाय, त्या महिन्यात झाड आखडलेलं होतं. किती आखडलं ते पुसलं गेलं, पण किती महिने आखडलं ते राहिलं! प्रत्येक झाडाचं, प्रत्येक वर्षाचं. मी रात्रभर मोजलं. २५५९ चा तो कडक उन्हाळा, त्यात तुमचे आकडे सात महिने जागचे हलले नाहीत. पुढच्या वर्षी तीनच. गेल्या वर्षीही तीन. तहान वर्षागणिक लांबत नाहीये, पा. पानं लवकर गळताहेत, हे खरं. म्हणून नकाशा लाल होतो. पण खोड आखडायला लागतं त्यानंतर महिन्याभराने. झाडं मरत नाहीयेत. ती पानं टाकून पाणी वाचवताहेत."

ती हसत होती. बुआलायने तिच्यापुढे चिकट भाताची टोपली आणि मिरचीची चटणी ठेवली, आणि स्वतः हात न लावता बसून राहिली. कारण तिला एक महिना आठवला होता.

२५६२ सालचा एप्रिल. सिंगखामच्या फुप्फुसांत पाणी झालं होतं. दोन तारखेपासून तेवीस तारखेपर्यंत ती लाम्पांगच्या इस्पितळात त्याच्या खाटेशेजारी चटईवर होती. तेवीस तारखेलाच तो गेला. विधी आटोपले, पाहुणे परतले, आणि तीस तारखेला घरात तिला वही दिसली. आजवर एकही महिना चुकला नाही, असं गाव तिच्याविषयी सांगायचं. त्या संध्याकाळी तिने मार्चचे दोनशे चौदा आकडे एप्रिलच्या रकान्यात उतरवले. जंगलात पाय न ठेवता. त्या महिन्यात झाडं आखडलेली होती की भरलेली, हे तिला आजही ठाऊक नव्हतं.

हे तिने पिमपाकाला त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरचे बारा दिवस ती रोज सांगायचं ठरवत होती. सतरा ते एकोणीस तारखेला तिने नेहमीप्रमाणे झाडं मोजली आणि पहिल्यांदाच उन्हाळ्याचे खरे आकडे लिहिले. सत्तेचाळीस नंबरपाशी तिची पेन्सिल थांबली, मग चालली. वाटेत भेटणाऱ्या बायका तिच्याकडे बघून गप्प होत होत्या. एकीने तर विचारलंच, "बुआलाय, तू फक्त हो म्हणायचं ना? आचान सांगेल त्याला हो म्हणायचं. बस."

चोवीस तारखेला शुक्रवारी समिती आली. तेर्दसाक हा चाळिशीतला, बारीक, हळू बोलणारा माणूस निघाला. त्याने आधी जंगलात जायचं ठरवलं. वीस झाडं त्याने स्वतः निवडली. बुआलायने मोजायचं आणि आकडा न बोलता कागदावर लिहायचा. मागून त्याच्या माणसाने दुसऱ्या व्हर्नियरने मोजायचं. पानं गळून गेलेली, सावली नाही, धुरामुळे सूर्य पितळी दिसत होता. विसातले एकोणीस आकडे जुळले. विसाव्यात तेर्दसाकच्या माणसाने स्प्रिंगला धक्का दिला होता. त्याने पुन्हा मोजलं आणि तेही जुळलं. मग साध्या टेपने खोडांचे घेर घेतले. २५५५ चा, पट्ट्या बांधतानाचा घेर आणि वहीतली सगळी वाढ मिळवली की आजचा घेर येत होता.

"वाढ मान्य," तेर्दसाक म्हणाला. इनसोमने मागे कुणाच्या तरी पाठीवर थाप मारली. "पण वाढीवर माझा आक्षेप नव्हताच. साठवलेल्या पाण्यावर झाडं काही वर्षं रेटतात आणि मग एकदम जातात. तहानेचं बोला."

दुपारी विहाराच्या सभामंडपात सगळे जमिनीवर बसले. पिमपाकाने भिंतीवर दोन रेघा दाखवल्या, एक मॉडेलची आणि एक वहीतल्या न हललेल्या महिन्यांची. उन्हाळा सुरू होताना दोन्ही वेगळ्या होत्या, संपताना बहुतेक वर्षी एकत्र येत होत्या. तेर्दसाकने मध्ये एकदाही अडवलं नाही. ती थांबल्यावर तो बुआलायकडे वळला.

"पा, हे सगळं तुमच्या एका शब्दावर उभं आहे. आकडा कमी आला तरच मागचा उतरवला. दुसऱ्या कुठल्याही कारणाने कधीच नाही. असंच ना?"

पिमपाका तिच्याकडे बघून मान हलवत होती. इनसोम डोळे वटारून बघत होता, हो म्हण, हो. एका शब्दाचं काम होतं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"एक महिना मी गेलेच नाही. २५६२ चा एप्रिल. माझा नवरा इस्पितळात होता. घरी आल्यावर मार्चचे आकडे उतरवले. सगळे. त्या महिन्याचं मला काही माहीत नाही."

मागून कुणीतरी "संपलं" असं म्हणालं. पिमपाकाने डोळे मिटले.

"दुसरा असा महिना?"

"नाही."

"मी कशावरून मानू?"

"मानू नका," बुआलाय म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता, आणि तो तिला स्वतःलाच परका वाटला. "मला दहा वर्षं सांगितलं झाड बारीक होत नाही, ते मी मानलं. माझ्या डोळ्यांनी दिसत होतं तरी मानलं. मानून काय झालं ते बघताय तुम्ही. तुम्ही तपासा. तुमच्याकडे उपग्रह आहे."

तेर्दसाकने स्वतःचा लॅपटॉप ओढून घेतला. बराच वेळ तो काही शोधत राहिला. धुरामुळे उपग्रहाची कितीतरी चित्रं निकामी होती, ती तो एकेक बाजूला टाकत होता. बाहेर कोंबडा ओरडला, कुणीतरी त्याला हाकललं.

"२५६२ च्या एप्रिलात, नऊ-दहा तारखेला, इथे वादळी पाऊस झाल्यासारखा दिसतोय," तो शेवटी म्हणाला. "महिनाअखेर जंगल हिरवं आहे. वहीत मात्र तहान. उन्हाळा संपताना वही आणि नकाशा जिथे अजिबात जुळत नाहीत असे चार महिने आहेत. हा त्यातला सर्वांत मोठा फरक."

"उरलेले तीन?" पिमपाकाने विचारलं.

"उरलेले तीन मला समजत नाहीत. कदाचित माझा नकाशा चुकतो. कदाचित पा विसरल्या."

"मी विसरले नाही."

मग तेर्दसाक समितीतल्या दुसऱ्या दोघांशी हळू आवाजात बोलायला लागला. ते बोलणं पंचवीस मिनिटं चाललं. बुआलायने घड्याळाकडे पाहिलं म्हणून तिला ते ठाऊक होतं. त्या पंचवीस मिनिटांत गावातलं कुणीही तिच्याशेजारी येऊन बसलं नाही.

निर्णय तेर्दसाकने उभं राहून सांगितला. जंगल बंद होणार नाही. कागदाची मुदत पाच वर्षांऐवजी दोनच वर्षांसाठी वाढेल. लाल रंगाच्या जागी पिवळा, आणि खाली टीप, की पानगळीला तहान समजू नये, खोडांचे आकडे बघावेत. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, तोच तो पुढे म्हणाला, "मात्र न मोजलेला आकडा लिहिल्याचं ज्याने कबूल केलंय, त्याच्या हाती वही ठेवता येत नाही. तसा नियम आहे. मोजायला त्या चालतील, हात चांगला आहे. लिहायला दुसरा माणूस हवा, आणि त्याचीही सही."

"हे अन्यायाचं आहे," पिमपाका ताडकन म्हणाली. "त्यांनी सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलं तरी असतं का?"

"नसतं कळलं," तेर्दसाक म्हणाला. "न समजलेले महिने तीनाऐवजी चार राहिले असते, आणि मी वही बाद केली असती. तरी नियम आहे तो आहे."

"राहू द्या, आचान," बुआलाय म्हणाली. "बरोबर आहे त्यांचं."

पण घरी ती रिकाम्या हातांनी निघाली. अकरा वर्षं उशाशी असलेली वही पिमपाकाच्या गाडीतून गेली होती. वाटेत बायका भेटल्या, आता बोलायला लागल्या होत्या. उरलेली पानं उद्या गोळा करायची का, विचारत होत्या. करा, ती म्हणाली.

वही लिहायला कुणी तयार होईना. ज्या आकड्यांनी जंगल जाता जाता राहिलं, त्यांना हात लावायची सगळ्यांना भीती. शेवटी इनसोम आला, तोही कुरकुरत.

"मला दशांश येत नाहीत, आधीच सांगून ठेवतो."

"येतील. उद्या साडेसहाला निघू. दुपारी पट्टी तापते."

एप्रिलच्या सतरा तारखेला दोघं पहिल्या झाडापाशी उभे राहिले. बुआलायने व्हर्नियर लावला, वाचला, काढला, पुन्हा लावला, आणि आकडा सांगितला. इनसोमने मार्चच्या रकान्याकडे पाहिलं. पेन्सिल वर धरून तो थांबला.

"बुआलाय, हा तर मार्चपेक्षाही खाली आहे. लोक म्हणतील इनसोमला लिहिता येत नाही."

"म्हणू दे."

"एकदा बघ ना पुन्हा."

"दोनदा बघितलंय." तिने व्हर्नियर त्याच्या हातात दिला आणि पट्टीसमोरून बाजूला झाली. "तू बघ."

तो वाकला, एक डोळा मिटून फटीजवळ तोंड नेलं, आणि इतका वेळ तसाच राहिला की तिने खाली ठेवलेली पाण्याची बाटली उचलून दोन घोट घेतले. मग तो सरळ झाला आणि ओठ हलवत, एकेक अंक पुटपुटत, लिहायला लागला.